लेकरांना घेऊन पहिली क्रूझ: मुंबई–गोवा–मुंबई, दोन रात्री, सोलापुरातून

क्रूझचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो. तो दुसरा. पहिला प्रश्न पोरांच्या वयाचा. मुंबईहून सुटणाऱ्या दोन रात्रींच्या फेरीबद्दल आमचा कौल आधीच सांगून टाकतो: पाच ते दहा वर्षांची मुलं असतील तर बिनधास्त जा. तीन ते पाचमधली असतील तर खोली बघून, विचारून मगच बुकिंग करा. आणि घरात नुकतं पाऊल टाकायला शिकलेलं बाळ असेल तर ते तीन वर्षांचं होईपर्यंत थांबा, कारण त्या वयाला जहाजावर करण्यासारखं फारसं काही नसतं आणि आईबाप तीन दिवस नुसते त्याच्यामागे जिने चढत-उतरत राहतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर बहुतेक क्रूझ कंपन्या घेतच नाहीत. गरोदरपणाचे २४ आठवडे उलटले असतील तरी प्रवेश मिळत नाही. त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात.

आता जहाजाबद्दल. कॉर्डेलिया क्रूझेसने २०२१ साली मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या त्या ‘एम्प्रेस’ या जहाजावर. हे जहाज १९९० सालचं, फ्रान्समध्ये बांधलेलं. मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. लांबी सुमारे २११ मीटर आणि आकार ४८ हजार ग्रॉस टनांच्या वर (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप). ऐकायला अवाढव्य वाटतं, आणि धक्क्यावर उभं राहून मान वर करून बघितलं की वाटतंही. पण पोरांनी यूट्यूबवर जी जहाजं पाहिलेली असतात, घसरगुंड्यांचा डोंगर आणि मधोमध बाग असलेली, त्यातलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ साधारण अडीच लाख टनांचं आहे. म्हणजे आपलं जहाज त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं. निघण्याआधी आठवडाभर हे पोरांना समजावून सांगितलं नाही, तर पहिल्या संध्याकाळी ‘मोठी घसरगुंडी कुठंय?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. कंपनीने ताफ्यात आणखी जहाजं आणायची घोषणा केलेली आहे, तेव्हा बुकिंग करताना तारखेबरोबर जहाजाचं नावही विचारा. खाली लिहिलंय ते जुन्या, मध्यम आकाराच्या जहाजाला धरून.

जहाज लहान असण्याचा एक फायदा मात्र घरच्यांना कळतो: पोरगं हरवत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला तीन-चार मिनिटं लागतात.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, म्हणून जहाज पूर्व किनाऱ्याला, चेन्नईकडे नेतात. लेकरांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत शांत. एप्रिल-मे मध्ये सुट्टी असते, त्यामुळे गर्दी आणि भाडं दोन्ही वर. शिवाय सोलापूरच्या कोरड्या उन्हाला सरावलेली मुलं मुंबईच्या दमट उकाड्यात लवकर थकतात. घाम सुकत नाही, म्हणून ताप आल्यासारखं वाटतं. ओआरएसची चार-पाच पाकिटं बॅगेत असू द्या. आणखी एक: शुक्रवारी सुटणाऱ्या फेरीत मित्रमंडळींचे घोळके जास्त असतात, डेकवरचं संगीत उशिरापर्यंत चालतं. शाळा बुडवायची तयारी असेल तर आठवड्याच्या मधली फेरी घ्या.

खोलीवर जरा थांबू, कारण निम्म्या तक्रारी इथूनच जन्माला येतात.

‘चौघांची कॅबिन’ म्हणजे चार पलंग नव्हेत. खाली दोन पलंग आणि भिंतीतून बाहेर दुमडून येणारे दोन वरचे बर्थ, रेल्वेच्या डब्यासारखे. फरक इतकाच की खोली सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या लहान स्वयंपाकघराएवढी. वरच्या बर्थला शिडी आणि कठडा असतो, पण सहा वर्षांखालच्या मुलाला तिथं झोपवू नये. जहाज हललं की झोपेत उतरायला जातात. तेव्हा घरात दोन लहान मुलं असतील तर हिशेब असा होतो: एक मूल आईजवळ, एक बापाजवळ, आणि वरचे दोन्ही बर्थ कपडे ठेवायला. खालचे दोन पलंग जोडून द्यायला सांगता येतं. ते जोडले की मधली फट चादरीची घडी घालून बुजवा, नाहीतर मूल त्यात अडकतं. सोलापुरी चादर इथं खरोखर कामाला येते: एसी जोरात असतो, तिथली जाड रजई पोरं लाथाडून टाकतात, चादर मात्र अंगावर राहते.

खिडकी नसलेली आतली कॅबिन स्वस्त, आणि दुपारच्या झोपेला उत्तम, कारण दिवा मालवला की काळाकुट्ट अंधार. पण रात्री मूल जागं झालं तर त्याला दार कुठं, बाथरूम कुठं काही कळत नाही. सेलवर चालणारा बारकासा रात्रदिवा न्या. खिडकीची कॅबिन घेतली तर खिडकी उघडत नाही हे लक्षात ठेवा. उजेड मिळतो, वारा नाही. बाल्कनीची खोली मोठ्यांना सुखाची, पण चार वर्षांच्या पोराबरोबर तिथं एक क्षणही निवांत बसता येत नाही. बाल्कनीतली खुर्ची ओढून कठड्याशी नेणं हा मुलांचा पहिला उद्योग असतो. घ्यायचीच असेल तर खुर्च्या आत उचलून ठेवायच्या आणि दाराची वरची कडी कायम लावलेली.

कुठली कॅबिन हवी हे एजंटावर सोडू नका. सोलापुरातून बहुतेक बुकिंग एजंटामार्फत होतात आणि बरेचदा ‘गॅरंटी’ दराची कॅबिन गळ्यात मारली जाते, म्हणजे प्रकार ठरलेला, खोलीचा नंबर कंपनी शेवटी देणार. दर कमी असतो, पण मग खोली नाटकगृहाच्या खाली येऊ शकते. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागवून घ्या आणि मधली, खालच्या मजल्याची खोली निवडा. कारण साधं आहे: पाळण्याचा मधला भाग कमी हलतो, टोकं जास्त. पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा पहाटे गडगडाट, मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्याची थरथर. स्विमिंग पूल किंवा जेवणघराच्या थेट खालची खोलीही टाळा. पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या सरकायला लागतात.

भाडं विचारताना ‘एकूण किती’ हा एकच प्रश्न धरून बसा. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही दोघं एका खोलीत धरून. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क, कर चढतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, पण वरचे शुल्क बरेचदा तेवढेच लागतात. भाड्यात साधारणपणे खोली, मुख्य जेवणघरातलं आणि बुफेचं खाणं, पूल, काही कार्यक्रम येतात. दारू, खास रेस्टॉरंट, काही शो, वायफाय, गोव्यातली सहल वेगळी. पोरांच्या दृष्टीने छुपा खर्च म्हणजे आइस्क्रीम, ज्यूस आणि गेमचे टोकन. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्डच पाकीट असतं. लहानांच्या कार्डावर खर्चाची सोय बंद करून घ्या, हे काउंटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

कागदपत्रं: देशातल्या फेरीला पासपोर्ट लागत नाही. मोठ्यांना आधार किंवा मतदार ओळखपत्र, मुलांना आधार किंवा जन्मदाखला. नावाची स्पेलिंग तिकिटावर आणि आधारवर एकच असली पाहिजे. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि धक्क्यावर तिथंच अडतं. आजी-आजोबा किंवा मामाबरोबर मूल जाणार असेल तर आईवडिलांचं सहीचं संमतिपत्र सोबत ठेवा. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचा विचार असेल तर ते प्रकरण निराळं: पासपोर्ट, व्हिसा, आणि जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत येत असल्यामुळे एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा. पहिल्यांदा तिकडे जाऊ नका. आधी दोन रात्रींत पोरांना बोट लागते का ते कळू द्या.

सोलापूरहून जाण्याचा मार्ग सोपा आहे, कारण जहाज जिथून सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा मिनिटांवर. प्रश्न वेळेचा. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री साडेदहाच्या सुमारास सुटून सकाळी सीएसएमटीला पोचवते. मुलं झोपेत मुंबईला येतात. पण जहाजावर चढायला दुपार होते, म्हणजे सकाळचे चार-पाच तास काढायचे. वंदे भारत पहाटे सहाच्या सुमारास सुटून साडेबाराच्या आसपास मुंबईत. कागदावर हे अचूक जुळतं. पण गाडी दीड-दोन तास रखडली तर चेक-इन बंद व्हायची वेळ जवळ येते, आणि जहाज थांबत नाही. शिवाय सोलापूरहून ती गुरुवारी नसते. आमचा सल्ला सिद्धेश्वर. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, न्याहारी करा, आणि म्युझियमला जा. पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं दालन आहे. स्वतःची गाडी घेऊन जायचा मोह टाळा. चारशे किलोमीटरचा प्रवास, वर तीन दिवसांच्या पार्किंगचा घोर.

(कुणी म्हणेल, गोव्यालाच जायचं तर सोलापूरहून २०२५ पासून थेट विमान आहे. बरोबर आहे. क्रूझ ही गोव्याला जायची सोय नव्हेच. गोवा हे क्रूझला दिलेलं निमित्त आहे.)

बंदरावर नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बॅलार्ड पिअर’ सांगू नका, बोर्डिंग पासवर गेटचं नाव असतं ते दाखवा. चुकीच्या गेटवर उतरलात तर सामान आणि पोरं घेऊन उन्हात चालावं लागतं. मोठ्या बॅगा तिथं चिठ्ठी लावून ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला तीन-चार तास लागू शकतात. पहिल्यांदा जाणारा हमखास इथं फसतो: पोहण्याचे कपडे, डायपर, औषधं, दुधाची बाटली, सगळं मोठ्या बॅगेत आणि पोरं पूलसमोर रडत उभी. एक पाठीवरची पिशवी हाताशी ठेवा. तिच्यात प्रत्येक मुलाचा एक बदली जोड, सहा डायपर, औषधांचा डबा, पोहण्याचे कपडे आणि चार्जर. चढल्यावर पहिल्या दोन तासांत पूल रिकामा असतो, तो साधता येतो.

सामानाच्या तपासणीत इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटा राइस कुकर आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात. कारण आग. समुद्रात अग्निशमन दल येत नाही, म्हणून याबाबत हुज्जत घालून उपयोग नसतो. जुन्या जहाजावर सॉकेट परदेशी पद्धतीचे असतात. एक ॲडॉप्टर आणि तीन-चार यूएसबीचा चार्जर पुरतो. घरचा खाऊही बहुधा अडतो. शेंगाचटणीची घरगुती पुडी आणि कडक भाकरीची चवड गेटवरच राहण्याची शक्यता जास्त. बाळाचं सीलबंद खाणं आणि दुधाची पावडर चालते.

सुटण्याआधी सुरक्षा कवायत होते. ती सक्तीची आहे. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडालं, त्यानंतर जगभर नियम कडक झाले आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत घ्यावीच लागते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा हा इशारा. लहान मुलं या आवाजाला दचकून रडतात, म्हणून आधी सांगून ठेवा. महत्त्वाची गोष्ट अशी की खोलीतल्या कपाटात मोठ्यांची लाइफ जॅकेटं असतात. १५ किलोच्या आतल्या बाळाचं वेगळं, १५ ते ४३ किलोच्या मुलाचं वेगळं. खोलीत गेल्या गेल्या खोलीच्या सेवकाला सांगून मागवा आणि मुलाला एकदा घालून बघा. हे बहुतेक जण करत नाहीत.

बाथरूम. यासाठी कुणी तयार नसतं. बादली नाही, तांब्या नाही, बसून आंघोळ घालायला जागा नाही. कोपऱ्यात पडद्यामागे शॉवर, तेवढाच. मोठा माणूसही वळताना कोपर आपटतो. शॉवरला घाबरणारं मूल असेल तर घडी होणारा रबरी टब आणि प्लास्टिकचा मग न्या. संडास हवेच्या दाबाने ओढणारा असतो, त्याचा आवाज दणदणीत; मूल उठून बाजूला झाल्यावरच बटण दाबा. ओला टिश्यू किंवा डायपर त्यात गेला तर फक्त तुमची नाही, ओळीतल्या सगळ्या खोल्यांची पाइप तुंबते. दाराशी उंच उंबरा असतो, तिथं ठेचा लागतात, आणि जहाज हललं की जड दार धाडकन मिटतं. बोटं चेंगरण्याचे प्रकार याच दारांत होतात. टॉवेल दुमडून बिजागरीच्या बाजूला अडकवून ठेवला की झालं.

जेवणाची चिंता नको. शाकाहारी, जैन, दोन्ही मिळतं. वरणभात, दही, पोळी यावर कुठलंही मूल निभावतं. अडचण वेळेची असते: मोठ्यांच्या जेवणाची गर्दी साडेआठ-नऊला आणि मुलं आठला पेंगायला लागतात. बुफे उघडल्या उघडल्या मुलांना भरवून घ्या. रात्रीच्या दुधासाठी स्टीलचा थर्मास न्या आणि बुफे बंद व्हायच्या आत भरून घ्या, खोलीतला फ्रिज जेमतेम गार असतो, दूध टिकेल इतका थंड नव्हे. औषध फ्रिजमध्येच ठेवायचं असेल तर जहाजावरच्या दवाखान्यात द्या. हात साबणानेच धुवा. जहाजावर उलटी-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, आणि बुफेचा चमचा शंभर हातांतून फिरलेला असतो.

बोट लागणं. दोनच्या आतल्या मुलांना सहसा लागत नाही, तीन ते बाराची मुलं सगळ्यांत सोपं सावज. कान सांगतो ‘हलतंय’, डोळे सांगतात ‘खोली स्थिर आहे’, आणि या भांडणात पोट मरतं. म्हणून खोलीत मोबाइल बघत बसलेल्या मुलाला आधी लागते. उघड्या डेकवर, मध्यभागी, क्षितिजाकडे बघत उभं करा. पोट रिकामं नको आणि तुडुंब नको. कोरडी बिस्किटं, सफरचंद, आवळा सुपारी. जहाजाला बाजूने पंख असतात, ते डावं-उजवं डोलणं कमी करतात, पुढं-मागं होणं नाही. औषध द्यायचं तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञाला विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन. प्रोमेथाझीन हे बोट लागण्यावरचं औषध दोन वर्षांखाली देत नाहीत. कानामागे लावायची मोठ्यांची पट्टी मुलांना लावू नका. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेर येते. बंदर सोडून खुला समुद्र लागायच्या आधी द्यावी लागते. काही मुलं या औषधाने झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने एक मात्रा घरी देऊन बघितलेली बरी. ज्या मुलाला तुळजापूरच्या घाटात गाडी लागते, त्याला बोट लागेल असं धरूनच चला.

मुलांच्या खेळघरात बहुतेक जहाजांवर तीन वर्षांपुढचं आणि डायपर सुटलेलं मूलच एकटं ठेवून घेतात. डायपर घालणाऱ्याला पूलमध्येही सहसा उतरू देत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरी. सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत थांबा म्हटलं ते यामुळे.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून कळंगुट ४० किलोमीटरच्या पुढं, म्हणजे लहान मुलांना घेऊन जाऊन-येऊन दिवस गाडीतच. जवळ बोगमाळोचा किनारा आहे आणि त्याच वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय. खरीखुरी विमानं बाहेर मांडलेली, पोरं हलत नाहीत. सोमवारी बंद असतं. परतायची वेळ तिकिटावर असते त्याच्या तासभर आधी गेटवर पोचा. किंवा सरळ उतरूच नका. सगळे गोव्याला गेले की पूल, बुफे, खेळघर सगळं तुमचं. तिकिटाच्या पैशांचा खरा मोबदला मिळतो तो याच चार-पाच तासांत. लक्षद्वीपची फेरी मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना नको. तिथं बेटावर जायला भर समुद्रात लहान होडीत उतरावं लागतं, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन ते काम अवघड.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे त्यात भरू नका. हे वाचून हसू येतं, पण धक्क्यावर नाइट सूटमध्ये उतरणारी कुटुंबं दर फेरीत दिसतात. बिल रात्रीच तपासून घ्या, सकाळी रांग लांब असते. फोन बंदर सोडताना विमान मोडवर टाकलेला असेल तर बिलात वाढ नाही. जहाजाचं मोबाइल नेटवर्क फोनने आपोआप पकडलं तर महिनाअखेरीस कंपनीचं बिल डोळे पांढरे करतं.

खोली सकाळी लवकर सोडावी लागते. परतीची वंदे भारत चारच्या सुमारास, बुधवारी नाही, सिद्धेश्वर रात्री. मुलं असतील तर वंदे भारतच. आणि सिद्धेश्वरच मिळाली तर खालचे बर्थ मागा: जमिनीवर उतरल्यावरही दिवसभर डोलल्यासारखं वाटतं, रात्री वरच्या बर्थवर ते जास्तच जाणवतं.